ओल्या चुन्याची भिंत

वामान्त्ला, ३ मार्च १९८५

अम्पारो,

तुझं पत्र आलं. शेजारची आउरोरा म्हणाली, मी वाचून दाखवते. तिला म्हटलं, तू वाचलंस की उद्या सगळी गल्ली वाचेल. मीच वाचलं. तीन दिवस लागले. दोन इयत्ता शिकलेल्या बाईला चार पानी पत्र लिहू नये, एवढं तरी तुम्हा शिक्षकांना शिकवत असतील असं वाटलं होतं.

मला समजलं ते असं. तुझ्या डोंगरावरच्या शाळेची रस्त्याकडची भिंत सान इसिद्रोच्या, म्हणजे तुमच्या पाऊस देणाऱ्या शेतकरी संताच्या, जत्रेपर्यंत तुझी आहे. म्हणजे पंधरा मे. तोवर तुझ्या मुलांनी तिच्यावर चित्र पुरं केलं आणि ते गावसभेला पटलं, तर भिंत शाळेची. नाही तर पक्षाची माणसं जुलैच्या निवडणुकीसाठी तिच्यावर उमेदवाराचं नाव बैलाएवढ्या अक्षरांत रंगवणार. येणारी प्रत्येक बस तिथे वळते म्हणून त्यांचा डोळा तिच्यावर. आणि तू मुलांना आपल्या देशातली भिंतचित्रं पुस्तकातून नाही, हातानं करून शिकवणार. हे बरं आहे. पोहायला फळ्यावर शिकवता येत नाही.

पण तू पाठवलेले मुलांचे कागद बघितले. अकरा कागद, आणि अकराही कागदांवर पिसांचा मुकुट घातलेला माणूस. तुमच्या गावात पिसं कोणाच्या अंगावर असतात? माझ्या माहितीप्रमाणे कोंबड्यांच्या. मुलांनी तो माणूस पुस्तकातल्या फोटोतून उचलला. तो फोटो ज्या भिंतीचा आहे ती कोणीतरी आणखी कुठून तरी उचलली असेल. मोठे चित्रकार मी जवळून बघितलेत. राजधानीत एका सरकारी इमारतीचा जिना रंगवत होते तेव्हा माझा बाप त्यांचा गिलावेवाला होता आणि मी सोळा वर्षांची, डबा पोचवायला जायची. चित्रात शेतकरीण काढायची झाली की ते बाईला चपला काढायला लावत. "साहेब, मला चपला आहेत," ती म्हणायची. "असू देत," ते म्हणायचे, "पण चित्रात नकोत." तुझ्या मुलांना सांग, आपल्या घरात पहाटे कोण काय करतं ते आधी बघा. चपला असतील तर चपलाही रंगवा.

आता कामाचं. बाजारातला डब्यातला रंग लावू नकोस, दोन पावसात सोलवटतो. चुन्याचा गिलावा ओला असताना पाण्यात कालवलेला रंग लाव. चुना वाळताना रंगाला पोटात घेतो. मातीचे रंग घे: लाल, पिवळा, काजळीचा काळा. कपड्यांची नीळ चुकूनही घालू नकोस, चुना तिला खातो. आणि काम तारेआ तारेआनं कर. रोज एकच तारेआ, जास्त नाही. हे विसरलीस तर बाकी सगळं लक्षात ठेवून उपयोग नाही.

शब्दांतल्या चुका लाल करून परत पाठवू नकोस. मागच्या वेळी पाठवल्या होत्यास.

आजी एर्मेलिंदा

&nbsp;

सान इसिद्रो ओकोतेपेक, २४ मार्च

आजी,

तू सांगितलंस तसं अगदी केलं, आणि सगळं बिघडलं.

रोज एक तारेआ दिली. पहिल्या दिवशीची: घरात सगळ्यात आधी कोण उठतं? दुसऱ्या दिवशीची: आजीला विचारून या, या लाल मातीला आपल्या भाषेत काय म्हणतात. लुर्देस नावाची माझी एक मुलगी आहे, सहावीतली, वर्गात आपल्या आजीची ओळख लपवते कारण आजीला स्पॅनिश येत नाही. ती तारेआ करून आली आणि उभी राहून म्हणाली, "बाई, माझ्या आजीला मातीची सात नावं येतात. पुस्तकात एकच आहे." त्या दिवसापासून पिसं गेली. वहीत जात्यापाट्याच्या बायका आल्या, कॉफी खुडणारे आले, पाठीवर सरपणाची मोळी घेतलेला एकाचा बाप आला. मला वाटलं, आता जिंकलो.

मग गेल्या शनिवारी मुलांच्या वडिलांना बोलावून सगळ्या भिंतीला गिलावा केला. दुकानातून गोणीचा चुना आणला, दोन दिवस भिजवला. सकाळी सुरू केलं, संध्याकाळी पूर्ण भिंत पांढरी. सोमवारी मुलांनी रंगवायला घेतलं. गुरुवारी लुर्देसनं कोपऱ्यावर हात टेकला आणि कोपरा तिच्या तळव्यावर आला. मग सगळ्यांनीच बोटं फिरवून बघितली. पीठ पुसावं तसा रंग निघाला. भेगा पण पडल्या आहेत, माझा हात आत जाईल एवढ्या.

पक्षाचा माणूस तेवढ्यात बसमधून उतरला. भिंत बघून म्हणाला, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. आमचा तेलरंग आहे ना." गावसमितीचे डॉन एलेउतेरिओ यांनी टोपी काढून पुन्हा घातली. इथे त्याचा अर्थ होतो की माणसाचं मत बनलं.

मी काय चुकले? तारेआ तर एक दिवस चुकवली नाही.

तुझी अम्पारो

&nbsp;

वामान्त्ला, १ एप्रिल

अम्पारो,

पत्र वाचून हसले. मग रागावले. आता दोन्ही संपलं, म्हणून लिहायला बसले.

शिक्षिका झाली की माणसाला तारेआ म्हणजे गृहपाठच दिसतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुम्हा शाळेतल्या लोकांत तारेआ म्हणजे पोरांना घरी करायला दिलेलं काम. आम्हा चुन्यातल्या लोकांत तारेआ म्हणजे एका दिवसाचा भिंतीचा तुकडा. सकाळी जेवढा गिलावा लावशील तेवढाच संध्याकाळपर्यंत रंगवून व्हायला हवा. उरलेला वाळतो, आणि वाळलेला चुना रंग घेत नाही, भरल्या पोटाचा माणूस जेवण घेत नाही तसा. तू एका शनिवारी पंधरा दिवसांचं वाढून ठेवलंस. सोमवारपर्यंत सगळं शिळं.

तुझे गृहपाठ मात्र चांगले होते. मला सुचले नसते. हे एकदाच लिहिते आहे.

आता ऐक. ती भिंत दगडापर्यंत खरवडून टाक. हळहळत बसू नकोस, मुलांना खरवडायला आवडेल.

दुसरं, गोणीचा चुना फेक. मका शिजवताना सालं सुटायला घालतात तिथे तो ठीक, भिंतीला नाही. ताजा चुना गरम डोक्याचा असतो, भेगा पाडतो. भिंतीला महिनोन्महिने पाण्याखाली निजलेला चुना लागतो, लोण्यासारखा. तो आता कुठून आणायचा म्हणशील. तुमच्या गावात देऊळ आहे ना? मागच्या भूकंपानंतर दुरुस्त झालं होतं ना? मग त्याच्या मागे चुन्याचा खड्डा असणार. गवंडी उरलेला चुना कधी फेकत नाहीत, वर पाणी आणि माती घालून झाकतात आणि मग विसरतात. देवळाच्या चाव्या ज्याच्याकडे असतील त्याला विचार.

तिसरं. भिंतीचे तुकडे आधीच ठरव, आणि तुकडे कापताना माणसाच्या कडेनं काप. दंडाच्या कडेनं, घागऱ्याच्या कडेनं. तोंडाच्या मधून कधी नाही, नाही तर अर्धं तोंड सोमवारचं आणि अर्धं मंगळवारचं दिसतं. आधी जाड वाळूचा थर, तो घट्ट झाल्यावर बारीक वाळूचा पातळ. रंग कधी सुरू करायचा ते अंगठा सांगेल. अंगठा टेकला की ठसा उठला पाहिजे पण अंगठ्याला ओल लागता कामा नये, आणि थापी फिरवली की बारीक आवाज येतो, नव्या चामड्याच्या चपलेसारखा. तो आवाज आला की मुलांना बोलाव. पुढचे सहा-सात तास भिंत तुमची. मग तिच्यावर साय धरते आणि ती कोणाची ऐकत नाही.

माझा बाप असंच करायचा.

एक चित्रकार गिलाव्यात निवडुंगाचा चीक घालायचा आणि आपण मोठा शोध लावला असं पाहुण्यांना सांगायचा. तुझ्या गावात कोणी शहाणा तसं सुचवेल. त्याला सांग, निवडुंगाची भाजी करतात.

आजी

&nbsp;

सान इसिद्रो ओकोतेपेक, १४ एप्रिल

आजी,

खड्डा सापडला. देवळामागे, थेट घंटेच्या खाली. बारा वर्षांचा चुना आहे आणि खरंच लोण्यासारखा आहे. चाव्या डॉन फिदेन्सिओंकडे असतात, ते सत्तर वर्षांचे आहेत आणि मला नास्तिक समजतात, कारण सरकारी शाळेत प्रार्थना होत नाही.

आमचं बोलणं असं झालं.

"चुना देवाचा आहे, बाई."

"देवाला सध्या लागत नाहीये ना, डॉन फिदेन्सिओ."

"लागत नाही म्हणून काय झालं? तुमचा पगार तुम्हाला एकदम लागतो का?"

"मग काय केलं तर द्याल?"

"भिंतीवर सान इसिद्रो काढा. बैलांसकट."

मी सांगितलं, शाळेच्या भिंतीवर संत चालत नाही, कायदा आहे. ते म्हणाले, संताशिवाय चुना चालत नाही, तोही कायदा आहे. त्याच आठवड्यात शाळा तपासायला निरीक्षक आले होते. त्यांना मी नुसतं विचारून बघितलं. म्हणाले, "बाई, ज्या दिवशी भिंतीवर संत दिसेल त्या दिवशी तुमच्या बदलीचा कागद माझ्या खिशात असेल." पक्षाच्या माणसाला हे सगळं कळलंय. रोज बसमधून उतरतो, खरवडलेल्या भिंतीची लांबी पावलांनी मोजतो आणि पुढच्या बसनं जातो.

एक महिना राहिला. मुलांनी भिंतीचे चौदा तुकडे ठरवलेत, तू सांगितलंस तसे, कोणाचंही तोंड न कापता. तुकडे आहेत, रंग आहेत (लुर्देसच्या आजीनं पाच रंगांची माती दाखवली, एक तर शेवाळी हिरवी), मुलं आहेत. चुना नाही.

आणि एक विचारायचं होतं. वर्गात मी तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली. अंगठ्याचं आणि चपलेच्या आवाजाचं वाचलं तेव्हा लुर्देस म्हणाली, "बाई, हे डबा घेऊन येणाऱ्या बाईला कसं माहीत?" मी म्हटलं, तिनं बघितलं असेल. ती म्हणाली, "बघून अंगठ्याला ओल लागते की नाही ते कळत नाही." मी तिचा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला. तुझ्याकडे उत्तर असेल तर पाठव.

अम्पारो

&nbsp;

वामान्त्ला, २० एप्रिल

अम्पारो,

हे पत्र आउरोराच्या जावयाच्या ट्रकमधून पाठवते आहे, टपालानं नाही. वेळ कमी आहे.

तुम्ही दोघांनी मिळून एक सोपी गोष्ट अवघड केली. भिंत किती उंच? तूच लिहिलं होतंस, बुटकी आहे, वरून कौलं खाली आलेली. मग मिरवणूक काढा. संताचा मेणा खांद्यावर घेतलेली माणसं काढा. आठ माणसं, आठ खांदे, लाकडी दांडे, दांड्यांवर मेण्याचा तळ आणि फुलांची किनार. तिथे भिंत संपते. वर कौलं. संत कौलांच्या वर आहे, दिसत नाही, काय करणार, भिंत बुटकी बांधली ती काही तू बांधली नाहीस. बैल खाली चालतात, बैलांना कायद्याची बंदी नाही.

डॉन फिदेन्सिओंना पहिला खांदा दे. पुढचा, उजवा. म्हातारी माणसं संतासाठी भांडतात आणि स्वतःसाठी मान्य करतात. निरीक्षकानं विचारलं तर सांग, गावातली आठ माणसं जड वस्तू नेत आहेत.

आता तुझ्या लुर्देसला. पोरगी नीट ऐकते, तिला पुढच्या वर्षी नापास करू नकोस.

बापाचं मनगट त्या जिन्यावर पहिल्याच महिन्यात मोडलं. चित्रकाराला सांगितलं असतं तर दुसरा गिलावेवाला आला असता आणि आम्ही घरी. मी बापाची विजार, सदरा आणि टोपी घातली. पहाटे चढायची, गिलावा लावायची, चित्रकार यायच्या आत खाली उतरायची. मग घागरा नेसून डबा घेऊन परत यायची. अडतीस तारेआ मी लावल्या. एकदा वरून चित्रकार बापाला म्हणाला, "तुझा हात हल्ली फार हलका पडतोय, वय झालं की काय?" बाप म्हणाला, "नाही साहेब, सवय झाली." पगार बापाच्या नावावर आला, तो आम्ही खाल्ला. झालं. तुझ्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं, त्यांना आपण घरातले एकटेच गवंडी असं वाटायचं आणि तसं वाटत असलं की ते छप्पर वेळेवर दुरुस्त करत.

यावर मला लांब पत्र लिहू नकोस. चुना आण.

एर्मेलिंदा

&nbsp;

सान इसिद्रो ओकोतेपेक, १७ मे

आजी,

तू म्हणालीस म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. मुलांनी मात्र लिहायचं म्हणून अर्धा दिवस भांडण केलं. त्यांना मी गप्प केलं.

डॉन फिदेन्सिओंनी खांद्याचं ऐकलं आणि विचारलं, "टोपी घालून की काढून?" म्हटलं, मिरवणुकीत काढतातच ना. म्हणाले, "मग मला केस विंचरून यायला दोन दिवस द्या." चुना त्याच दुपारी मिळाला. नंतर उरलेल्या सात खांद्यांसाठी रांग लागली. डॉन एलेउतेरिओ स्वतः आले. म्हणाले, मी समितीचा माणूस आहे, मला बाजू घेता येत नाही, पण डावा मधला खांदा रिकामा असेल तर.

चौदा तारेआ चौदा दिवसांत झाल्या. सकाळी गिलावा मी आणि मुलांच्या दोन आया लावायचो, मुलं शाळेत हिशेब करत कान बाहेर ठेवून बसायची. थापीचा आवाज आला की एक जण तरी म्हणायचं, "चप्पल बोलली," आणि वर्ग रिकामा. नवव्या दिवशी धुकं एवढं होतं की गिलावा दुपारपर्यंत तयारच होईना. त्या दिवशी मुलांनी बैलाचं शेपूट संध्याकाळी रंगवलं, ते जरा घाईचं झालंय. कोणी बोललं नाही, बैलाचा मालकही नाही.

जत्रेच्या दिवशी गावसभा भिंतीसमोरच भरली. निरीक्षक आले होते. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. लुर्देसला विचारलं, "मुली, या लोकांनी खांद्यावर कोणाला घेतलंय?"

ती म्हणाली, "ते त्यांना विचारा साहेब. आम्ही खांदे काढले."

त्यांनी कौलांकडे बघितलं. मग हसू आवरत पाणी मागितलं.

पक्षाचा माणूस शिडी आणि दोन डबे घेऊनच आला होता. बोलला चांगला. म्हणाला, चित्र उत्तम आहे, मुलांचं कौतुक आहे, पण निवडणूक काही दरवर्षी येत नाही, आपण वरच्या पट्टीत, दांड्यांच्या मधून, फक्त नाव लिहू, चित्राला धक्का लागणार नाही. मी उठणार होते. डॉन फिदेन्सिओ माझ्या आधी उठले.

"लिही ना," ते म्हणाले. "पण तू ज्या जागेवर लिहिणार ती सान इसिद्रोच्या पायाखाली येते. आता मे आहे. जूनमध्ये आम्हाला पाऊस लागतो. नाही पडला तर गावाला कारण सांगायला तू ये."

"आणि माझ्या खांद्यावर कोणाचं नाव येणार, ते आधी मला विचारून," डॉन एलेउतेरिओ म्हणाले. त्यांनी टोपी काढली आणि काढूनच ठेवली. उरलेले सहा खांदे एकेक करून उभे राहिले. मग त्यांच्या बायका.

त्या माणसानं शिडी स्वतःच उचलली. भिंत शाळेची राहिली, आजी. सभेच्या वहीत लिहून झालं.

पण आता एक नवी भानगड. डोन्या तोमासा, चुन्यात शिजवलेला मका धुणारी बाई म्हणून तिच्या नातीनं तिला काढलंय, रोज शाळा सुटायच्या वेळी येते. म्हणते, नाक बदला. म्हणते, हे नाक ढोबळ्या मिरचीएवढं आहे, मी बसमधून उतरले की पहिलं तेच दिसतं, पाहुणे काय म्हणतील. नात म्हणते, नाक तिचंच आहे, मी मोजलंय. काल तोमासाच्या बहिणी पण आल्या. वाळलेल्या चुन्यावर थोडा रंग लावून नाक लहान करता येईल का? मला हे भांडण मिटवायचं आहे.

अम्पारो

&nbsp;

वामान्त्ला, २४ मे

अम्पारो,

वाळलेल्या चुन्यावर रंग लावायचा नाही. ओल्यात जे गेलं ते गेलं. चित्रकार लोक चोरून लावायचे, वर्षभरात निघायचं आणि खालचं नाक पुन्हा बाहेर यायचं, आधीपेक्षा मोठं वाटायचं.

नाक बदलायचं असेल तर एकच रीत आहे. तोमासाची पूर्ण तारेआ छिन्नीनं फोडायची, म्हणजे नाकाबरोबर हात, मका, घमेलं, आणि ज्या घागऱ्यासाठी तिनं कुरकुर केलेली नाही तो घागराही. मग नवा गिलावा, नवा दिवस, आणि पुन्हा तीच नात रंगवणार. नात मोजून काढते, म्हणजे नाक परत तेच येणार.

भांडण मिटवायचं आहे असं लिहितेस. का? एप्रिलमध्ये तुझ्या भिंतीकडे बघणारा एकच माणूस होता आणि तो पावलं मोजत होता. आता एक बाई बहिणी घेऊन येते आणि रस्त्यात उभी राहून आपल्या नाकासाठी भांडते. जिच्यावरून गावात भांडणं होतात त्या भिंतीला राखण लागत नाही. तुला शाळेत हे शिकवलं नसेल.

तेव्हा उद्या तोमासा आली की तिला भिंतीजवळ ने. सगळ्या बहिणींसमोर. छिन्नी आणि हातोडा तिच्या हातात दे, म्हणावं, डोन्या तोमासा, तुमची तारेआ आहे, नाकाबरोबर घागराही जाईल, तुम्हीच फोडा. आणि तू आत जाऊन कॉफी पी. सावकाश पी.

एर्मेलिंदा